पाचवा कोंबडा

मागच्या दाराच्या पायरीवर बसा.

चिऱ्याची पायरी आहे. दिवसभराचं ऊन तिच्यात अजून मुरलेलं आहे. ते अंगाला लागू द्या.

चपला काढा. पाय मातीवर टेकू द्या.

हातात काही नको. कणीची वाटी असेल तर ती आत ठेवून या. वाटी दिसली की सगळी पायाशी धावत येतात, आणि मग त्यांचं त्यांचं जे चाललेलं असतं ते दिसत नाही.

एक श्वास घ्या.

सोडा.

सिंधुदुर्गातलं एक परस. दोन माड, एक फणस, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, पलीकडे दगडांचा गडगा. उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली आहेत. खाली आता नुसता उजेड आहे. तिन्हीसांजेला अजून थोडा वेळ आहे. कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आधीची ही घटका.

बघा.

अळवाच्या बुडाशी दोघी उकरताहेत. एक गडग्याच्या कडेला धुळीत लोळतेय. एका पंखाखाली माती उडवते, मग दुसऱ्या. मग तशीच पडून राहते, डोळा अर्धा मिटून.

ऐका. नखांखाली वाळलेली पानं सरकतात. पाय मागे ओढला जातो, पुन्हा ओढला जातो, मग एक पाऊल मागे, मग मान खाली.

हा आवाज थोडा वेळ कानात राहू द्या.

नऊ कोंबड्या आहेत. पाच कोंबडे.

जाणती बाई सांगेल, आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुसरा एखादा हाताशी ठेवतात, कारण मुंगूस येतं, कधी मानमोडी येते आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. पण नऊ जणींत पाच म्हणजे फार झाले.

ठीक आहे. फार झाले. आज त्याचं काही करायचं नाही.

आज फक्त बघायचं आहे.

आधी कोंबड्यांकडे बघा.

ती तांबूस कोंबडी शोधा. फणसाखाली एकटी टिपतेय ती.

तिच्या पाठीवर नजर ठेवा. पंखांच्या मधोमध पिसं गेली आहेत. पिसांच्या नुसत्या काड्या उरल्यात, आखूड, मोडलेल्या. त्यांच्यामध्ये कातडी दिसते. लालसर, थोडी जाड झालेली. डोक्याच्या मागेही तसंच. कोंबडा चढताना चोचीने तिथेच धरतो.

घाई करू नका. बघत राहा.

ती एक दाणा टिपते आणि मान वर करते. टिपते, मान वर. इकडे बघते, तिकडे बघते. मग पुन्हा टिपते. शेजारच्या कोंबडीचे चार दाणे होतात तेवढ्यात हिचा एक होतो.

मान वर जाते तो क्षण बघा. पुन्हा बघा.

कोंबडे जास्त झाले की परसात हे असं होतं. कोंबड्या आडोसा धरतात. सकाळी खुराड्यातून उशिरा बाहेर पडतात. पोटाला कमी जातं, अंडी कमी होतात. दाणे टाकणारीला हे हिशोब करून समजत नाही. पाठी बघून समजतं.

श्वास घ्या. सोडा.

आता नजर हळूच उचला आणि पहिल्याकडे न्या.

कुठला पहिला, हे विचारावं लागणार नाही. तो मोकळ्या जागेत मधोमध उभा आहे. काळी शेपटी, तिला हिरवी झाक. मानेवरची पिसं निमुळती, सोनेरी. तो चालतो तेव्हा बाकीचे वाट देतात.

त्याला पानाखाली काही सापडलंय. वाळवी असेल.

तो ती खात नाही.

चोचीत धरतो, टाकतो. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. आणि घशातल्या घशात, लवकर लवकर: टुक टुक टुक टुक.

ऐका. हा आवाज अगदी खालचा असतो. परस शांत असेल तरच पायरीपर्यंत येतो.

एक कोंबडी पळत येते. त्याच्या चोचीपुढचं टिपते. तो बाजूला सरून उभा राहतो.

त्याच्याकडे असे आणखी आवाज आहेत. घार वर फिरताना दिसली की एक. मुंगूस किंवा कुत्रा जमिनीवरून आला की दुसरा. शास्त्रज्ञांनी हे आवाज टेपवर घेऊन कोंबड्यांना नुसते ऐकवले. समोर घार नव्हती, कुत्रा नव्हता. तरी आकाशाच्या आवाजाला कोंबड्या आडोशाला पळाल्या, आणि जमिनीच्या आवाजाला माना ताठ करून चौफेर बघू लागल्या.

खेड्यातल्या बायका हे टेप न लावता जाणतात. आत चुलीपाशी बसलेली बाई नुसत्या आवाजावरून ओरडत बाहेर येते, हातात काठी घेऊन.

पहिल्यापाशी थोडं थांबा. टुक टुक टुक टुक.

आता दुसरा, तिसरा, चौथा.

हे तिघे एका वयाचे, एकाच रवणीचे. बघा कसे हिंडतात. एक कोंबडी मोकळ्यावर आली की दुसरा तिच्यामागे धावतो. तो धावला की तिसरा धावतो. चौथा आडवा जातो. ती ओरडते, अळवात शिरते. पहिला धावून येतो, तिघे पांगतात. मग पुन्हा सगळं शांत. मग पुन्हा.

तांबूस कोंबडीच्या मागे कोण लागतो, तेवढं बघून ठेवा. एकदा बघून लगेच ठरवू नका. पुन्हा होऊ द्या. पुन्हा बघा.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नॉर्वेतला थोरलेइफ शेल्डरुप-एबे नावाचा मुलगा असाच कोंबड्या बघत बसायचा. कोण कुणाला टोचतं, कोण कुणाला वाट देतं, हे लिहून ठेवायचा. मोठा झाल्यावर, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने ते प्रसिद्ध केलं: कळपात प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असते, आणि दाण्यावर कोण आधी जाणार हे त्या जागेवरून ठरतं. आज जगभर प्राण्यांच्या अभ्यासात ते शिकवतात. त्याची सुरुवात एका अंगणात बसून राहण्याने झाली.

तुम्हीही बसून राहा.

आता गडग्याकडे बघा. अगदी टोकाला.

तिथे पाचवा आहे.

करडा-पांढरा. शेपटीची पिसं अजून पुरती वाकलेली नाहीत. तुरा लहान, फिका. तो एका पायावर उभा आहे आणि परसाकडे बघतोय.

तो काही करत नाही.

त्याच्याबरोबर थोडा वेळ काही करू नका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

एखादी कोंबडी उकरत उकरत त्याच्या बाजूला सरकते. तो दुसरा पाय खाली टेकवतो. एक पाऊल टाकतो. मधोमध उभा असलेला पहिला नुसती मान वळवतो.

पाचवा ते पाऊल मागे घेतो.

हे पाऊल पुढे येताना बघा. मागे जाताना बघा. त्यात राग दिसतो का? मला दिसत नाही. पाय उचलला जातो, हवेत थांबतो, आणि आधी होता तिथेच परत टेकतो.

तो इथे आला कसा, ते आठवा.

एक कोंबडी खुडूक झाली. कुणीतरी तिच्याखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी कवचांना तडे गेले. जेवढी पिल्लं निघतात त्यांतली निम्म्याच्या आसपास नर असतात. कधी थोडे कमी, कधी जास्त. मादी निघणार की नर, हे कोंबडीच्या अंड्यातच ठरलेलं असतं. कोंबड्याच्या हातात ते नाही. परसात पिल्लाकडे नुसतं बघून तर कुणाला सांगता येत नाही. सगळी सारखीच आईच्या पंखाखाली शिरतात, सारखीच पिकपिकतात.

दीड-दोन महिन्यांनी एखाद्याचा तुरा जरा वर येतो, लाल होतो. मग मानेवरची पिसं टोकदार होतात. आणि एका सकाळी खुराड्याच्या मागून एक फाटका, अर्धवट आवाज येतो. ऐकणारी बाई हातातलं काम थांबवते.

अंड्यांच्या कोंबड्या काढणाऱ्या मोठमोठ्या उबवणी केंद्रांत हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवतात. नर पिल्लू अंडी देत नाही, त्या जातीत अंगावर मांसही फारसं चढत नाही, म्हणून अंड्यातून बाहेर पडलेल्या दिवशीच त्याला मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून हे कायद्याने बंद केलं.

परसात तसं होत नाही. इथे नर वाढतो. आईमागून हिंडतो, घारीला घाबरतो, त्याला आवाज फुटतो. मोजायची वेळ येते तेव्हा तो समोर उभा असतो आणि त्याच्याकडे बघावं लागतं. ते जड जातं. तरी मला हेच बरं वाटतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसांमधले पक्षी ३१ कोटींच्या वर भरले. एवढ्या परसांत, एवढ्या गडग्यांशी, आत्ता या वेळी किती जण असे टोकाला उभे असतील.

त्या सगळ्यांचा विचार करू नका. या एकाकडे बघा.

उजेड उतरतोय.

कोंबड्या खुराड्याच्या दाराशी जमतात. थोडी रेटारेटी, थोडी कुरकुर. एकेक करून आत शिरतात. पहिला शेवटची कोंबडी आत जाईपर्यंत बाहेर थांबतो, मग तोही आत जातो. तिघे मागोमाग जातात.

पाचवा आत जात नाही. तो मांगराच्या, परसातल्या शेडच्या, आडव्या वाशावर उडी मारतो. दोनदा पाय बदलतो. मग पोटावर बसतो.

खुराड्याचं दार लावा. कडी नीट बसली का, हाताने चाचपून बघा.

आता जेवण होऊ द्या. भांडी होऊ द्या. घरातले दिवे जाऊ द्या.

मग पुन्हा बाहेर या.

बॅटरी नको. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दारात उभे राहा. रातकिडे ऐका. माडाची झावळी झावळीवर घासतेय, तो आवाज ऐका.

मांगरात जा. सावकाश.

कोंबड्याला अंधारात फार कमी दिसतं. म्हणून कोंबडा धरायचा तो रात्री, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. रात्रीचा हात कोंबड्याकडे जातो तो बहुधा एकाच कामासाठी.

आज ते काम नाही. आज नुसतं धरायचं.

दोन्ही तळवे त्याच्या पंखांवरून फिरवा आणि पंख अंगाशी धरा. घट्ट नको. सैलही नको. उचला.

तो एकदा ओरडेल. एकदा पाय झाडेल. तुमचा श्वास लांब करा. पोटाशी धरा. एका हाताचा तळवा त्याच्या छातीखाली न्या, पाय बोटांमध्ये येऊ द्या.

थांबा.

थांबा.

आता तो शांत झालाय.

पहिल्यांदा ऊब जाणवेल. त्याचं अंग सुमारे ४१ अंश सेल्सिअसला असतं, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंश जास्त. हाताला तो ताप आलेल्या मुलासारखा लागतो. पण त्याला ताप नाही. तो असाच असतो, रोज, त्या वाशावर, एकटा.

ती ऊब तळहातात शिरू द्या.

मग बोटांखाली छातीचं हाड लागेल. मधोमध, उभं, धारदार. दोन्ही बाजूंना मांस आहे, पण बेताचं. पहिल्याला कधी हातात घेतलंत तर कळेल, त्याचं हाड असं हाताला लागत नाही.

आणखी वर या. गळ्याच्या खाली, जरा उजवीकडे, एक मऊ पिशवी आहे. दिवसभर खाल्लेलं आधी तिथे साठतं. बोटाने अगदी हलकेच दाबा. आत थोडे दाणे आहेत. बोटाखाली ते एकमेकांवर सरकतात. पिशवी भरलेली नाही.

बोट तिथेच राहू द्या.

हा आजचा त्याचा दिवस. परसाच्या कडेने जेवढं मिळालं तेवढं.

आता छाती पुन्हा चाचपा. ठोके मोजू नका, मोजता येणारही नाहीत. इतके जलद असतात की एक ठोका संपून दुसरा सुरू झाला हे बोटाला कळत नाही. एक सलग थरथर लागते.

त्याच्या थरथरीवर तुमचा श्वास ठेवा. लांब. सावकाश.

आत.

बाहेर.

त्याचे पाय बघा. आता डोळे सरावलेत. पाय पिवळे आहेत. खवल्यांच्या आडव्या ओळी एकाखाली एक उतरत गेल्या आहेत. पायाच्या मागे, मागच्या बोटाच्या जरा वर, एक बोथट गाठ आहे. अंगठ्याने फिरवून बघा. तिथे काटा फुटणार आहे.

हा पिवळा रंग परसाच्या मागच्या डोंगरातून आलेला आहे. पाळीव कोंबडी मुळात तांबड्या रानकोंबड्याची, पण कातडीचा पिवळेपणा तिच्यात राखी रानकोंबड्याकडून आला, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना २००८ मध्ये आढळलं. राखी रानकोंबडा आपल्या द्वीपकल्पाचा. सह्याद्रीत तो आजही आहे. पावसाळा सरल्यावर भल्या सकाळी वरच्या रानातून त्याचा तुटक आवाज येतो, आणि खाली परसातले कोंबडे मान वळवतात.

तुमच्या हातात जे पाय आहेत, त्यांच्यात तो डोंगर आहे.

त्याच्या डोळ्याकडे बघा. खालची पापणी वर येते. डोळा मिटतो. पुन्हा थोडा उघडतो. पुन्हा मिटतो.

तो तुमच्या हातात झोपतोय.

असेच उभे राहा, जेवढं राहता येईल तेवढं.

मग त्याला वाशावर ठेवा. पाय वाशाला टेकले की बोटं आपोआप आवळली जातात. ती आवळली की मगच हात काढा.

घरात या. झोपा.

पहाटे जाग येईल. उजाडलेलं नसेल. उजाडायला बराच वेळ असेल.

उठू नका. उताणे पडून राहा. डोळे मिटलेलेच असू द्या.

ऐका.

काहीच नाही. मग, खुराड्यातून, एक आरव.

हा पहिला.

पूर्ण, भरदार, शेवटचा सूर ओढलेला. चोच पूर्ण उघडताना कोंबड्याच्या कानाची नळी आतून मिटते. नाहीतर आपल्याच आवाजाने त्याचे कान गेले असते. तो हे आपल्याला ऐकवत असतो, आणि स्वतः मात्र ते पुरतं ऐकत नाही.

थांबा.

आता दुसरा.

थांबा.

तिसरा. त्याच्यावर पाय दिल्यासारखा लगेच चौथा.

जपानमधल्या नागोया विद्यापीठात यावर काम झालंय. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की कोंबडा नुसता उजेड बघून आरवत नाही. त्याच्या आतच घड्याळ आहे. दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवलं तरी तो आपल्या वेळेला आरवतो, आणि एरवी ती वेळ उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीची असते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. तांबडं झाकलं तरी कोंबडं आरवायचं राहत नाही.

२०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कळपात आधी आरवतो तो सर्वांत वरचा. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. ज्याचं घड्याळ आधी पुढे जातं तोही गप्प राहतो, वरचा आरवेपर्यंत. वरच्याला तिथून काढलं तर दुसरा पहिला होतो, आणि सुरुवात त्याच्यापासून होते.

म्हणजे पाचवा जागा आहे.

आत्ता, मांगरात, वाशावर, अंधारात. त्याच्याही आत पहाट झालेली आहे. तो थांबलाय.

चौघांचं झालं.

आता ऐका. आरव ऐकू नका, आधीची शांतता ऐका. चौथ्याच्या आवाजानंतर, पाचव्याच्या आधी, जी जागा आहे ती.

तिच्यात राहा.

तुमचा श्वास तिच्यात येऊ द्या, जाऊ द्या.

मग मांगरातून येईल. थोडा बारीक. मध्ये एकदा चिरकलेला. शेवटचा सूर पोचण्याआधी संपलेला.

आणि खाडीच्या बाजूच्या कुणाच्या तरी परसातून त्याला ओ येईल.

उजाडलं की चहा घ्या आणि पायरीवर या.

आता ठरवायचं आहे. काल बघितलेलं सगळं तुमच्याजवळ आहे.

बहुतेक घरांतून पहिल्यांदा जातो तो पाचवा. तो एकटा असतो. वाशावर, फांदीवर, सहज हाताशी. भांडत नाही. पाहुणे आले, मुंबईहून कुणी आलं, की पटकन मिळतो तोच. तांबूस कोंबडीच्या पाठीला त्याची चोच कधी लागलेली नसते. तो गेल्यावरही तिची पाठ तशीच राहते, आणि मग लोक म्हणतात, एक कमी केला तरी फरक नाही.

म्हणून हाताशी आहे या कारणाने कुणाला देऊ नका. काल संध्याकाळी कोण कुणामागे धावलं, ते आठवा. डोळे मिटा आणि पुन्हा बघा. अळवात शिरणारी ती. मागे दुसरा. मागे तिसरा. आडवा चौथा.

तुम्हाला कळलेलं आहे.

शेजारीण गडग्यापाशी येते. "वैनीनू, एक कोंबो गावात काय?" तिचा कोंबडा मुंगसाने नेला. तिच्या सात कोंबड्या आहेत, खाडीपलीकडच्या माहेराहून आणलेल्या. तिथे वेगळं रक्त आहे. चौथा तिच्याकडे जाऊ द्या. तिथे तो एकटाच असेल, आणि एकटा असला की तोही वाळवी सापडल्यावर टुक टुक टुक करील.

एक राखणेला जाईल. जागेवाल्याला, जागा राखणाऱ्या देवाला, वर्षाचं द्यायचं असतं, ते या गावात कुणी टाळत नाही.

एक आपल्या घरच्या चुलीवर. वडे, सागोती, माणसं भरून.

कुणी झुंजीला मागायला आलं तर देऊ नका. पैसे कितीही सांगितले तरी नाही. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा ते गुन्हा ठरवतो, पण कायदा नसता तरी ज्याच्या छातीवर आपण बोटं ठेवली त्याच्या पायाला सुरी बांधायला देववणार नाही.

चुलीसाठी धरायचा असेल, त्यालाही आदल्या रात्री असंच धरा. असंच पोटाशी. असाच श्वास लांब करून. मग काय ते करा. हात नीट असू द्या, सुरी धारदार असू द्या, इतर कोंबड्यांपासून दूर. इथल्या घरांतल्या म्हाताऱ्या हे सगळं गाजावाजा न करता करत आल्या, आणि दाणे टाकताना त्यांच्या हाताला कधी घाई नव्हती.

आता परसात दोन कोंबडे आहेत. पहिला आणि पाचवा.

काही दिवस जाऊ द्या. रोज थोडा वेळ पायरीवर बसा.

तांबूस कोंबडीच्या पाठीकडे बघा. मोडलेल्या काड्या अजून आहेत. पीस झडतं तेव्हाच तिथे नवं येतं, त्याला महिने लागतात. पाठ लगेच भरणार नाही.

पण मान बघा.

टिपते. टिपते. टिपते. मान वर.

मोजू नका. नुसतं तिच्या तालावर राहा. टिपते, टिपते, टिपते. मान वर.

तिच्या या तीन दाण्यांसाठी एवढं सगळं.

पाचवा गडग्यापासून थोडा अलीकडे आलाय. पहिला अजूनही मान वळवतो. पाचवा अजूनही पाऊल मागे घेतो. पण आता मध्ये जागा आहे, आणि मागे घेतलेलं पाऊल गडग्याला लागत नाही.

एक काळी कोंबडी खुडूक झाली आहे. खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहते, हात नेला की फुगते, घशातून गुरगुरते. तिला बसवायची वेळ आली आहे.

या आठवड्यातली ताजी अंडी घ्या. हातात एकेक फिरवून बघा. तडा नको, फार लहान नको, वेडीवाकडी नको.

ही अंडी हातात असताना एक गोष्ट जाणून असा. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्तही टिकतं. गेलेल्या तिघांतला कुणीही या अंड्यात असू शकतो. जो शेजारणीकडे आहे तो. ज्याची राखण झाली तो. आपण ज्याला जेवलो तो. पाचव्याचंही असेल एखादं, कुणी सांगावं.

एक अंडं मुठीत धरा. डोळे मिटा.

गार आहे. तुमच्या हातात ते हळूहळू ऊन होतंय.

एक श्वास घ्या. सोडा.

नर किती आणि माद्या किती, हे आता ठरलेलं आहे आणि दोन-तीन महिने तरी दिसणार नाही. निम्म्याच्या आसपास कोंबडे निघतील. पुन्हा मोजायची वेळ येईल, पुन्हा पायरीवर बसावं लागेल.

अंड्यांवर कोळशाने खूण करा, म्हणजे दुसरी कुणी येऊन घातलेलं नवं अंडं ओळखता येईल. टोपलीत भाताचं पिंजार घाला, मध्ये खोलगट करा. कुणी त्यात लोखंडाचा तुकडा ठेवतं, विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. तुमच्या घरची रीत असेल तर ठेवा.

रात्री काळीला उचला आणि अंड्यांवर बसवा. ती अंग पसरेल, चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढून घेईल. तिचं होऊ द्या.

मग वाटीभर पाणी आणि मूठभर कणी टोपलीपासून चार पावलांवर ठेवा, अगदी जवळ नको. दिवसातून एकदा तिला उठायला हवं.